डावी बाजू कमी पडते

शिंपीण: डाव्या बाहीचं काढायचं ना?

पैलवान: नाही, उजव्या. उजव्या बाहीचं बटण काढा आणि वेल्क्रोची चिकटपट्टी लावा. डाव्या बाहीचं आहे तसंच राहू द्या.

शिंपीण: पण आत्ताच म्हणालीस, दुखणं डाव्या हाताला आहे.

पैलवान: म्हणूनच. उजव्या मनगटाचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं. बघा करून.

शिंपीण: अगं बाई, खरंच की! उभा जन्म बटणं लावण्यात गेला, पण हे कधी डोक्यातच आलं नाही.

आई: माझ्या तरी कुठे आलं होतं? रोज सकाळी आरशासमोर हिची झटापट चालते. मी म्हणते, अगं दे इकडे, मी लावून देते. तर अंगावर येते माझ्या. म्हणे, मी काय बालवाडीत आहे का?

पैलवान: आई, झालं?

आई: झालं बाई. माझं काय, मी आपली ओझं धरायला आले. नाव पैलवान आणि पिशवी आईच्या हातात.

शिंपीण: टिचबटण लावू का? दिसायला बरं दिसेल.

पैलवान: ते दाबायलासुद्धा चिमटीत जोर लागतो. चिमटी राहिलीच नाही.

शिंपीण: मग बाही दुमडूनच का नाही घालत? सरळ अर्धी करून देते.

पैलवान: ड्यूटीचा शर्ट आहे. मी गेटवर असते, सिक्युरिटीला. बाही उघडी दिसली की सुपरवायझर हटकतो. आणि हाताचं त्याला कळलं की संपलंच. गेटवर धडधाकट माणूस लागतो त्यांना.

शिंपीण: बरं. मग असं करते. आतून चिकटपट्टी, आणि वर बटण नुसतं दिसायला टाकून देते. काज शिवून बंद. कुणाच्या बापाला कळणार नाही. परवा ये.

पैलवान: अजून एक काम होतं, मॅडम.

आई: मॅडम? ह्यांना मॅडम कशाला म्हणतेस?

पैलवान: ओळखलंत का मला?

शिंपीण: शर्ट उलगडला तेव्हाच ओळखलं. एवढे खांदे आणि एवढीशी कंबर, असं माप बायकांच्या शर्टाला दुसऱ्या कुणाचं असणार? म्हटलं, तू बोलशील तेव्हा बोलू.

आई: कोण आहेत ह्या? मी मघापासून तेच म्हणतेय, आपल्या गल्लीत दोन शिंपी बसलेत, बटणासाठी दोन बस बदलून इकडे कशाला तडफडायचं?

पैलवान: ह्या परीक्षक आहेत, आई. माझ्या शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांच्या.

आई: म्हणजे त्या नंबर देणाऱ्या?

शिंपीण: हो, काकू. मी आधी स्वतः उतरायचे. मग गुडघा गेला, तेव्हापासून टेबलामागे बसते. दुकान हे पोटापाण्याचं.

आई: मग मला एकदा सांगाच बाई तुम्ही. हिला विचारलं की धड सांगत नाही. वजन उचलायला लावता का तिथे?

शिंपीण: नाही.

आई: पळायला?

शिंपीण: नाही हो. फक्त उभं राहायचं. सगळ्या एका ओळीत. आधी समोरून, मग एका बाजूला वळायचं, मग पाठ, मग दुसरी बाजू. मग आम्ही दोघीदोघींना शेजारी उभं करून तोलतो.

आई: एवढंच? आणि त्याच्यासाठी माझ्या घरात वर्षानुवर्षं अंड्यांचा वास?

पैलवान: आई...

आई: नाही, कळू दे ना मला. काय तोलता?

शिंपीण: अंग किती भरलंय, त्यातलं पाणी किती उतरलंय, कातडीखालचा स्नायू किती स्वच्छ दिसतो, आणि सगळ्यात आधी म्हणजे समतोल. वर भारी आणि पाय काड्या, असं चालत नाही. डावं-उजवं सारखं पाहिजे. मग प्रत्येकाने आपापला क्रम लिहायचा. पहिली, दुसरी, तिसरी. ज्याने फार वर दिलं आणि ज्याने फार खाली, ते दोन्ही उडवतात. उरलेल्यांची बेरीज.

आई: आणि तरी हिला तीनदा मागे ढकललं. का, तर म्हणे बाईच्या मानाने जास्त झालं. मी तेव्हा हसले होते बाई. मुलीने रक्त आटवून अंग कमवायचं, आणि मग कुणीतरी खुर्चीवर बसून सांगायचं, अगं, जरा जास्तच कमावलंस.

शिंपीण: ते आमच्या हातात नसतं, काकू. वरून सांगून येतं. एका वर्षी म्हणतात, कडक बघा. दुसऱ्या वर्षी म्हणतात, फार कडक नको, बाई दिसली पाहिजे. केस, चेहरा, चाल, हसणं, सगळं बघा. पुरुषांना कुणी म्हणत नाही की बाबा तुझं जरा जास्त झालं.

पैलवान: पण शेवटच्या वेळी ते कारण नव्हतं.

शिंपीण: कधीच्या?

पैलवान: मागच्या वर्षीच्या. मी पहिल्या तिघीत असणार असं सगळेच म्हणत होते, आणि पाचवी आले. तुम्ही लोक कारण लिहीत नाही. ज्याला हवं त्याने नंतर येऊन विचारायचं. मी रांग लावली. रंग अंगावरून ओघळत होता, मेकअप डोळ्यांत जात होता. मी विचारलं, मॅडम, कुठे कमी पडले? आठवतं?

शिंपीण: त्या दिवशी पुष्कळ जणी विचारतात गं.

पैलवान: तुम्ही म्हणालात, "डावी बाजू कमी पडते. भरून काढ." आणि पुढच्या मुलीला बोलावलंत.

शिंपीण: म्हणाले असेन.

पैलवान: मी भरून काढायला लागले. तेव्हापासून सगळ्याची सुरुवात डाव्या हाताने. उजव्याचं एक झालं की डाव्याचं दोनदा. दमला तरी उचल, थरथरला तरी उचल. हात वर जाईना तेव्हा माझे कोच खालून आधार द्यायचे आणि ओरडायचे, लावून धर! मी म्हटलं, मॅडमना दिसलंय म्हणजे आहेच कमी. पुढच्या वेळी त्यांना बोलायला जागा ठेवायची नाही.

आई: रात्री हात उशीखाली धरून झोपायची. मी विचारलं तर म्हणायची, आई, हा दुखतोय म्हणजे वाढतोय.

पैलवान: आणि तो आटत गेला. जेवढी वजनं मारली तेवढा आटत गेला. एक दिवस हातातून कप पडला. मग गेटची किल्ली फिरेना. मग डॉक्टर.

शिंपीण: काय म्हणाले?

आई: नस दबलीय मानेत. दुसरं काही नाही.

पैलवान: नस दबलेली नाही, आई. ते बघून झालंय.

आई: डॉक्टर म्हणाले नाहीत का, नक्की काही सांगता येत नाही? म्हणाले की नाही? मग!

पैलवान: ते म्हणाले, दोन शक्यता आहेत. मॅडम, ऐका, ह्याच्यासाठीच आलेय मी. एक आजार असतो तो एकाच हातात राहतो. त्याला औषध आहे. हात पूर्ण येणार नाही, पण माणूस जगतो, नोकरी करतो. दुसरा असतो तो पसरतो. आधी हा हात, मग तो, मग पाय. मग घास उतरत नाही. मग श्वास.

आई: बस कर गं.

पैलवान: डाव्याचं तर ठरलंय, तो गेला. प्रश्न उजव्याचा आहे. उजवीकडेही सुरू झालं असेल तर हा दुसरा आजार. नसेल तर पहिला. सुया टोचून बघितलं, स्पष्ट काही येत नाही. काही महिने थांबू म्हणाले. भला माणूस आहे, खोटं बोलत नाही. म्हणाला, "तुमच्या अंगावर मुळातच एवढं आहे, त्यातलं थोडं गेलं तर मला कसं कळणार? मी तुम्हाला आधी पाहिलेलं नाही."

शिंपीण: फोटो असतील ना.

पैलवान: दाखवले. पण स्पर्धेचे फोटो म्हणजे तेल, रंग, वरून दिवे. तुम्हाला माहितीये, त्या दिव्यात सावलीसुद्धा स्नायूसारखी दिसते. घरी आल्यावर मी विचार करत बसले, मला आधी पाहिलंय कोणी? आणि एकदम आठवलं. सहा वर्षं पाहिलंय की! समोरून, बाजूने, पाठमोरं. आईने नाही पाहिलं एवढं नीट.

आई: मला कधी बघवलंच नाही.

पैलवान: तुम्हाला डाव्याचं तेव्हा दिसलं होतं, मॅडम. मला कळायच्या आधी, डॉक्टरांच्या किती आधी. आता उजवं बघून सांगा.

शिंपीण: हे बघ, मी शिलाई मारणारी बाई. आजाराबिजाराचं मला काय कळतं? तुला आशा लावायची, नाहीतर घाबरवून सोडायचं, ही जबाबदारी मी नाही घेऊ शकत. शर्ट परवा घेऊन जा. पैसे नको देऊस.

पैलवान: पैशाला कोण आलंय?

शिंपीण: ते डॉक्टरांचं काम आहे.

पैलवान: त्या दिवशी नेमकं काय दिसलं होतं तुम्हाला?

शिंपीण: सांगितलं ना तेव्हा. डावं कमी.

पैलवान: मुलगी कच्ची असते तेव्हाही डावं कमी असतं. मी कच्ची नव्हते. आदल्या वर्षी माझं डावं-उजवं एकसारखं होतं, तुम्हीच मला पहिलं दिलं होतं. वर्षभरात माझं एकच बाजूचं कमी कसं झालं, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही?

आई: बोला की बाई.

शिंपीण: फडफडत होतं.

पैलवान: काय?

शिंपीण: तुझा डावा दंड. तू पाठ करून उभी होतीस. हात सैल सोडलेले. आणि कातडीखाली बारीक काहीतरी फडफडत होतं, आपली पापणी उडते ना, तसं. थांबतच नव्हतं. मला दिसलं. शेजारच्यालाही दिसलं. तो मला हळूच म्हणाला, पाणी पिणं फार तोडलेलं दिसतंय हिने, शरीर कह्यात नाही. मी मान हलवली. आणि तुला खाली टाकलं.

पैलवान: आणि मला म्हणालात, भरून काढ.

शिंपीण: हो.

आई: अहो, पण विचारायचं तरी! बाई गं, हे काय होतंय तुला, कुणाला दाखवलंस का? एवढं एक वाक्य. तेवढ्याने काय नंबर बदलला असता?

शिंपीण: काकू, आम्हाला एवढंच शिकवलंय, कमी आहे की जास्त. का कमी आहे, हे आमच्या कामातच नसतं. आजारी पडून बारीक झाली असेल, घरात कुणी गेलं असेल, उपाशी राहिली असेल. सगळं एकच. कमी. मी कित्येक वर्षं असंच बघत आलेय. बघता बघता माणूस दिसायचंच बंद होतं हो. शपथेवर सांगते, त्या दिवशी मला दंड दिसला. ही नाही दिसली.

पैलवान: मी त्याचा हिशेब मागायला नाही आले, मॅडम. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. वजनं मारून मारून बिघडलं का, तेही त्यांना सांगता येत नाही. मी राग राग करून पाहिला तुमचा. दोन दिवस. नाही टिकला. कारण तुम्ही तेव्हा बरोबरच बघितलं होतं. आता फक्त परत एकदा बघा.

शिंपीण: आणि चुकलं तर?

पैलवान: तुमचं माप चुकत नाही, असं सगळ्या मुली म्हणतात. पाठीमागे शिव्याही घालतात, पण असं म्हणतात.

आई: चल गं. उठ. नाही बघायचं आपल्याला. महिना-दोन महिने थांबू, डॉक्टर सांगतील ते सांगतील. तोवर सुखाने जेवू तरी.

पैलवान: तू जेवतेस का सुखाने? रोज ताटावर बसून माझ्या उजव्या हाताकडे बघत असतेस. घास तोंडाशी जातो की नाही ते.

आई: बघणारच. आई आहे मी.

पैलवान: मग कळू दे ना दोघींना.

शिंपीण: ...पडद्याच्या मागे चल. तिथे मापाचे आरसे आहेत. मी दार लोटून घेते. शर्ट काढता येतो का तुला?

पैलवान: काढता येतो. घालताना मारामारी.

(आतली खोली. तीन आरसे, वर उघडा दिवा.)

शिंपीण: तिथे, फरशीच्या रेघेवर. समोर बघ.

पैलवान: हसू का? हसायचे मार्क असायचे.

शिंपीण: नको. खांदे सैल सोड. श्वास रोखू नकोस. डाव्या बाजूला वळ.

आई: देवा. हे एवढं उतरलं? घरात तर सदान्‌कदा सैल शर्ट घालून असते...

पैलवान: तू नको बघूस, आई.

आई: मीच म्हणायचे ना. रोज म्हणायचे. कधी एकदा हे सगळं उतरतंय आणि माझी पोर चारचौघींसारखी दिसतेय. पाहुणे आले की ह्या हातांवर ओढणी टाकायला लावायचे. घ्या, उतरलं. आता काय करू मी? कुणाला सांगू की परत चढव?

पैलवान: तुझ्या म्हणण्याने नाही उतरलं. काहीतरीच.

शिंपीण: पाठ. हात वर कर दोन्ही, दंड फुगवून. डावा जाईल तेवढाच जाऊ दे. उजवा पूर्ण. धर.

पैलवान: किती वेळ?

शिंपीण: धर जरा. ...सोड. परत कर.

आई: काय दिसलं?

शिंपीण: हात खाली. सैल. हलू नकोस. उजवा तळवा इकडे कर. अंगठा ताठ. बोटाला टेकव. मी ओढते, सोडू नकोस.

पैलवान: धरलाय.

शिंपीण: हं. ...शर्ट घाल.

आई: बोला ना बाई! जीव टांगणीला लावलाय नुसता.

शिंपीण: उजेड फारसा...

पैलवान: मॅडम. मागच्या वेळी पुढच्या मुलीला बोलावलं होतंत. आज रांगेत मी एकटीच आहे.

शिंपीण: तुझ्या उजव्या खांद्याच्या पात्याच्या कडेला, हा बघ, इथे माझं बोट आहे तिथे, एक उंचवटा होता. हात वर केलास की दगडासारखा उभा राहायचा. दुसऱ्या कुठल्याच मुलीला तसा नव्हता. मी दरवर्षी तो शोधायचे. तो दिसला की तुला वर घ्यायचे.

पैलवान: आणि?

शिंपीण: तो नाहीये. जागा खोलगट झालीय. आणि अंगठ्याच्या मुळाशी, थोडंसंच आहे, पण आहे. मघाशी तू हात सैल सोडलास ना, तेव्हा दंडाच्या मागच्या बाजूला फडफडलं. दोनदा बघितलं मी. उजवीकडेही सुरू झालंय गं.

आई: हा दिवा बघा ना कसा आहे! पिवळा, मिणमिणता. ह्याच्यात कुणाचंही काहीही दिसेल. आणि व्यायाम बंद आहे तिचा, उतरणारच ना अंग, सगळ्यांचंच उतरतं, त्याचा काय संबंध...

शिंपीण: व्यायाम सुटला की सगळीकडून सारखं उतरतं, काकू. असं एका जागचं उचलून नेल्यासारखं नाही जात.

आई: तुम्ही गप्प बसा! तेव्हा बोलायचं तर बोलला नाहीत, आणि आता...

पैलवान: आई. मीच बोलायला लावलंय त्यांना. रडू नकोस. इथे बस, स्टुलावर. पाणी मिळेल का, मॅडम?

शिंपीण: हे घ्या. काकू, घ्या हो. घोटभर.

पैलवान: म्हणजे आता तुमची तक्रार नाही राहणार. दोन्ही बाजू सारख्या.

शिंपीण: असं बोलू नकोस. पाया पडते तुझ्या.

पैलवान: चेष्टा केली. मला माहीत होतं, मॅडम. बहुतेक माहीत होतं. गेल्या आठवड्यात गेटचा दांडा वर करताना उजवा हात मध्येच थांबला. मी स्वतःला म्हटलं, झोप झाली नाहीये. आई, तुला सांगितलं नाही. कुणीतरी ज्याला दिसतं त्याने म्हणेपर्यंत खरं नव्हतं ते.

शिंपीण: डॉक्टरांकडे कधी जायचंय परत?

पैलवान: आता लवकरच जाईन. सांगावं लागेल ना.

शिंपीण: मी येते. कुठे होतं, किती होतं, सगळं मी दाखवते त्यांना. मला त्या सुयांचं कळत नाही, पण तुझी पाठ मी डोळे मिटून काढून देईन कागदावर. दुकान बंद ठेवते त्या दिवशी. येऊ ना?

आई: या. या तुम्ही. त्यांनी ह्यांचं ऐकलं आणि म्हणाले की तुमचं चुकलंय, तर मी पेढे... काहीही वाटेन मी.

शिंपीण: माझं चुकू दे, काकू. आयुष्यात एकदा माझं माप चुकू दे.

पैलवान: चला, मॅडम, तुमचा वेळ घेतला. ड्यूटीचा शर्ट राहू दे इथेच.

शिंपीण: थांब. हे... शर्टाचं. आता डाव्या बाहीचंही काढू का? म्हणजे परत यायला नको. दोन्हीकडे चिकटपट्टी टाकून देते, वरून बटण दिसेल.

आई: डाव्याचं कशाला? ते तर तिला येतं लावता. उजवा हात चालतो की अजून.

शिंपीण: हो. अजून चालतो.

पैलवान: नका काढू, मॅडम. असू दे ते बटण.

शिंपीण: पण पुढे...

पैलवान: पुढे आई लावेल.